विटांचा खेळ-सेट खरंच बांधकाम शिकवतो का? घरच्या घरी तपासून रिव्ह्यू कसा लिहायचा

आमच्या घरात गवंडीकाम आहे. आबांनी सगळं आयुष्य थापी धरली, मी साईटवर सुपरवायझर आहे, त्यामुळं पोरीसाठी 'बांधकामाची तंत्रं शिका' असं लिहिलेला प्लास्टिक विटांचा सेट घरात आला की डबा फुटायच्या आधीच चर्चा सुरू होते. आत्तापर्यंत तीन-चार सेट आम्ही पार सुटे करून, मोजून, पाडून बघितलेत आणि आता ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, की हा घेऊ का तो घेऊ. म्हणून सगळं एकदाच नीट लिहितो. असल्या सेटचा रिव्ह्यू म्हणजे मॉडेल कसं दिसतं हे सांगणं नव्हे. पुस्तिका बंद केल्यावर पोरगं स्वतःच्या डोक्यानं भिंत उभी करू शकतं का, आणि त्या भिंतीत सांधा का मोडायचा, म्हणजे वरच्या-खालच्या थरातले उभे सांधे एका रेषेत का येऊ द्यायचे नाहीत, हे त्याला कळलंय का, एवढंच खरं तपासायचंय.

दुकानात उभं असतानाच करायचं काम

कोल्हापुरात महाद्वार रोडला घ्या नाहीतर राजारामपुरीत, डबा हातात आला की पहिल्यांदा आयएसआय मार्क शोधा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या पोरांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे, नसेल तर पुढं बघायचंच नाही. घरात ३ वर्षांच्या आतलं बाळ असेल तर बारके तुकडे त्याच्या तोंडात जातात, ते लक्षात ठेवून घ्या. मग तुकड्यांची संख्या. डब्यावर मोठ्या अक्षरात पाचशे पीस लिहिलेलं असतं आणि आपण किंमत भागिले पाचशे करून खूष होतो, पण त्यातले दोनशे तुकडे जर फुलं, दिवे, एका बटणाचे गोल असले तर भिंतीला काय लावणार? म्हणून डब्याच्या मागच्या फोटोत साध्या विटा किती दिसतात ते बघायचं, आणि भाग द्यायचा तो त्या आकड्यानं. हा हिशोब रिव्ह्यूमध्ये जरूर टाका, वाचणाऱ्याला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

घरी आणल्यावर लगेच जोडायला बसू नका. पोरांना धीर नसतो हे मला माहीत आहे, पण एक तास मागून घ्या. जमिनीवर चादर अंथरायची, स्वयंपाकघरातल्या दोन-तीन पराती घ्यायच्या आणि आकारानुसार वेगळं करायचं, रंगानुसार नाही. पुस्तिकेच्या शेवटी तुकड्यांची यादी असेल तर तिच्याशी ताळा करा. यादीच नसेल तर ते पण लिहा, कारण एक तुकडा हरवला की नेमका कुठला गेला हे कळायला मार्गच राहत नाही.

माप घ्या, डोळ्यावर जाऊ नका

डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या लेगो कंपनीनं वर बटणं आणि आत नळ्या असलेल्या विटेचं पेटंट २८ जानेवारी १९५८ ला दाखल केलं, आणि तेव्हाच्या विटा आजच्या विटांना बसतात. आज बाजारात जेवढे मेळ खाणारे सेट येतात त्या सगळ्यांचं माप तिथनंच आलंय. वरच्या गोल बटणांना स्टड म्हणतात. एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिमी, विटेची उंची ९.६ मिमी, आणि पातळ पट्टीची म्हणजे प्लेटची उंची ३.२ मिमी, म्हणजे तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक वीट. दोन बाय चार स्टडची वीट प्रत्यक्षात ३१.८ बाय १५.८ भरते, कारण शेजारच्या विटेला घासू नये म्हणून थोडी फट सोडलेली असते.

मी शिवाजी उद्यमनगरातल्या मित्राकडनं व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, आणतो, पण तुमच्याकडं तो नसला तरी अडत नाही. दहा विटा एकावर एक घट्ट बसवा आणि साध्या फूटपट्टीनं मोजा, वरचं बटण सोडून ९६ मिमी आलं पाहिजे. दुसरं, पाच प्लेटची चवड करून ती आडवी करा आणि दोन स्टडच्या रुंदीशी लावून बघा, दोन्ही १६ मिमी. हे जुळलं नाही तर सेटमधली आडवी बांधायची सगळी तंत्रं पुढं जाऊन अडकणार, कारण ती याच हिशोबावर उभी असतात. आमच्याकडच्या एका सेटमध्ये दहा विटांमागं जवळजवळ एक मिमीचा फरक होता. एका विटेत तो दिसतच नाही, पण वीस थरांची भिंत दुसऱ्या जुन्या विटांच्या भिंतीला जोडायला गेलो तर वरचा थर बसेचना. पोरीला वाटलं तिचंच चुकतंय. म्हणून मापाचा भाग मी कधीच वगळत नाही.

पकड पण बघायची. दोन वेगळ्या परातीतल्या विटा जोडून उलट्या धरून हलवा, पडल्या नाही पाहिजेत, आणि सहा वर्षांच्या हातानं त्या सुटल्याही पाहिजेत. माझा भाचा सहा वर्षांचा आहे, तो दातानं काढायला लागला की समजायचं पकड जास्त आहे किंवा सेटमध्ये सेपरेटर, म्हणजे विटा सोडवायचं साधन, द्यायला पाहिजे होता.

आता मुख्य भाग, भिंत

इथं जरा सावकाश वाचा, कारण बाकीचे लोक रिव्ह्यूमध्ये हेच सोडून देतात.

खरी वीट आपल्याकडं जुन्या मापानं ९ इंच लांब, साडेचार रुंद, ३ उंच. खेळातली दोन बाय चारची वीट ३२ बाय १६ बाय ९.६ धरा. लांबी रुंदीच्या दुप्पट, दोन्हीकडं. उंचीचं प्रमाण पण जवळपास तेच. मला हे पहिल्यांदा कागदावर मांडल्यावर कळलं तेव्हा मी आबांना लगेच दाखवलं, त्यांनी ती वीट बोटात फिरवली आणि म्हणाले, "मग ह्याच्यात आद्धा कुठाय?" हाच प्रश्न तुम्ही सेटला विचारायचा. दोन बाय दोन म्हणजे आद्धा, अर्धी वीट. दोन बाय तीन म्हणजे पाऊण वीट. एक बाय चार म्हणजे लांबीत उभी चिरलेली वीट, कोपऱ्यात लागते ती क्लोजर. गवंडी थापीनं वीट तोडून जे तुकडे करतो ते इथं आयते मिळतात, फक्त ते पुरेसे दिलेत का ते मोजायचं.

हिशोब असा. साडेचार इंची भिंत म्हणजे दोन स्टड जाडीची. लांबी सोळा स्टड, थर दहा, दोन्ही टोकं मोकळी. एका थरात चार पूर्ण विटा, पुढच्या थरात टोकाला आद्धा, मध्ये तीन पूर्ण, परत आद्धा. दहा थरांना पस्तीस पूर्ण आणि दहा आद्धे. खिडकी ठेवली की खिडकीच्या दोन बाजू म्हणजे आणखी दोन मोकळी टोकं, आद्धे अजून वाढले. आमच्या एका सेटमध्ये चार खिडक्या होत्या आणि दोन बाय दोनच्या विटा सगळ्या मिळून सहा. पोरगी दर एक थर सोडून अडायची आणि मग एकावर एक सरळ सांधा ठेवून पुढं जायची. म्हणजे शिकवायचं ते राहिलं आणि उलटंच हाताला लागलं. हे रिव्ह्यूत आकड्यासकट लिहा.

मग दोन भिंती करा, विटा तेवढ्याच. एकीत सांधे मोडलेले, दुसरीत सगळे उभे सांधे एका रेषेत. खाली बेसप्लेट, म्हणजे बटणांची मोठी सपाट पाटी, घ्यायची नाही, कारण बेसप्लेट सगळं धरून ठेवते आणि फरक झाकला जातो. आता दोन्ही भिंती वरच्या एका टोकाला धरून उचला. दुसरी हातात एका खांबाएवढीच येते, बाकीची जमिनीवर. नऊ वर्षांच्या पोरीला मी काही समजावून सांगितलं नाही, तिनं दोनदा उचलून बघितलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच सांधे मोडून बांधली.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत २०१२ साली दोन बाय दोनची लेगो वीट मशीनमध्ये दाबून बघितली होती, ४,००० न्यूटनच्या वर भार घेतला तिनं, म्हणजे चारशे किलोच्या वर. त्यामुळं वीट फुटेल का याची काळजी सोडा. वीट फुटत नाही, सांधा उघडतो, आणि सेट शिकवायला बसलाय तो सांधाच.

नऊ इंची भिंत जमली तर सेट खरंच चांगला. चार स्टड जाडीची भिंत घ्या. एका थरात विटा आडव्या, म्हणजे तोंडावर फक्त दोन स्टडची बाजू दिसणार, पुढच्या थरात लांबीनं दोन रांगा शेजारीशेजारी. आडव्या विटा त्या दोन रांगांना शिवून टाकतात. याला इंग्लिश बाँड म्हणतात. कोपऱ्यावरनं सुरू करताना आडव्या थरात पहिल्या विटेनंतर लगेच एक बाय चारचा तुकडा घालायचा, नाहीतर दर चार स्टडला खालचा-वरचा सांधा एकावर एक येतो. घातला की आडव्या थराचे सांधे ०, २, ३, ५, ७, ९ असे पडतात, लांब थराचे ०, ४, ८, आणि आतले सांधे कुठंच जुळत नाहीत. पुस्तिकेत हे चित्रासकट असेल तर माझ्याकडनं पूर्ण मार्क. बहुतेकात नुसता बाण असतो, इथं हा तुकडा लावा, पुढं चला.

अजून एक. खरा गवंडी आधी कोपरे उचलतो, चार-पाच थर, मग दोन कोपऱ्यांत दोरी बांधून मधलं भरतो. आबांनी पोरीला एकच गोष्ट सांगितली होती, "बाळ, कोपरं आधी, मग मधलं." पुस्तिका मात्र सगळं एकाच टोकानं थर-थर वर नेते. खेळण्यात चालून जातं कारण स्टड रेषा चुकू देत नाहीत, पण सेट बांधकाम शिकवतो म्हणत असेल तर एक पान यावर असायला पाहिजे होतं असं मला मनापासून वाटतं.

खिडकीच्या वरचं, आणि कमान

लिंटल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, तपासायला चार स्टडची खिडकी ठेवा आणि वर एक लांब प्लेट टाका, मध्यभागी बोटानं दाबा, वाकलेली दिसेल. आता तशाच दोन प्लेट एकमेकीत बसवून टाका. जाडी दुप्पट आणि ताठपणा त्याच्या कितीतरी पट. सलग पट्टी असती तर दुप्पट जाडीला आठपट ताठ झाली असती, इथं सांध्यात थोडी घसर असते म्हणून तेवढं होत नाही, पण हाताला फरक जाणवतो, आणि बीम उंच का असतो हे पोराला तिथंच कळतं. दोन्ही बाजूला टेकू किती तेही बघा. साईटवर आम्ही लिंटल भिंतीवर दोन्हीकडं सहा इंच टेकवतो, इथं निदान दोन स्टड तरी टेकवा, आणि एका स्टडवर टेकवून वर किलोभर तांदळाची पिशवी ठेवून काय होतं तेही करून बघा.

कमानीच्या बाबतीत मात्र जवळपास सगळेच सेट कमी पडतात. कमान एकाच साच्यातला तुकडा म्हणून देतात, तो भिंतीत बसवला की झाली कमान. पंचगंगेवरचा आपला जुना शिवाजी पूल बघा, दगडी कमानी. तिथले दगड एकमेकाला बाजूला रेटतात आणि तो रेटा पायावर जातो. स्टडच्या विटेत हा रेटाच तयार होत नाही, कारण वीट विटेला धरूनच ठेवते. म्हणून स्टडचा सेट कमान शिकवतो असं कुणी लिहिलं तर मान्य करू नका. एकेक थर थोडा थोडा पुढं काढत वर जाऊन मिळवायची रीत मात्र छान जमते, दोन्ही बाजूंनी प्रत्येक थर एक स्टड पुढं. पोरांना एकदा खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातल्या स्वर्गमंडपात न्या, ४८ खांब आणि वर गोल मोकळं आकाश, दगडाची एकेक वर्तुळं आत सरकत गेलेली दिसतात. आम्ही तिथनं आल्यावर पोरीनं त्याच संध्याकाळी चौकोनी मंडप बांधायला घेतला होता.

खरी कमान हवी असेल तर बिनबटणाचे ठोकळे बघा, किंवा मातीच्या बारक्या खऱ्या विटांचा सेट, जर्मनीतला टायफोक हे त्यातलं नाव. त्यात माल, म्हणजे विटा चिकटवायचा मसाला, कालवून विटा लावायच्या आणि परत पाण्यात भिजवलं की माल सुटून विटा मोकळ्या. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये असला सेट वाळता वाळत नाही, तेव्हा दिवाळीनंतर काढा.

आडवं बांधणं, अर्धा स्टड, त्रिकोण

बाजूला बटण असलेले तुकडे सेटमध्ये आहेत का बघा. त्यांच्यावर प्लेट आडव्या लावून खिडकीच्या चौकटी, भिंतीवरच्या फरशा करता येतात. इथंच मगाचा १६ मिमीचा हिशोब कामाला येतो, आणि मोठ्या बांधकामात दुसरा, पाच विटांची उंची म्हणजे सहा स्टडची रुंदी, दोन्ही ४८ मिमी. पुस्तिकेनं हे आकडे सांगितले तर पोरगं स्वतः काहीतरी शोधेल, नुसतं बसवायला सांगितलं तर त्या एका मॉडेलपुरतंच राहील. मध्यभागी एकच बटण असलेली दोन स्टडची प्लेट दिली असेल तर अर्ध्या स्टडनं सरकवून बांधता येतं, दार भिंतीच्या बरोबर मध्ये आणायला ती लागतेच.

छिद्रांच्या पट्ट्या असतील तर चार पट्ट्यांचा चौकोन करा, ढकला, कलतो. कर्णात एक पट्टी टाका, कलत नाही. उद्यमनगरातल्या शेडचे लोखंडी ट्रस, म्हणजे छपराचे सांगाडे, याच कारणानं त्रिकोणांचे. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ७, ९ आणि ११ छिद्रांच्या तीन पट्ट्या घेऊन त्रिकोण केला की बरोबर काटकोन मिळतो, कारण छिद्रं नाही, मधली अंतरं मोजायची, ६, ८ आणि १०. आबा पाया आखताना दोरीनं तीन-चार-पाच करतात तेच हे. त्यांनी तो प्लास्टिकचा त्रिकोण हातात घेऊन पोरीला अंगणात नेलं, दोरी आणि तीन खुंट्या घेऊन तुळशीकट्ट्याचा कोपरा तपासून दाखवला. त्या दिवशी सेटचे पैसे वसूल झाले असं मी समजतो.

खेळ आणि खरं यातला फरक लिहाच

स्टडची वीट ओढ सहन करते, सिमेंटच्या मालातली वीट ओढीला फार कमजोर. त्यामुळं खेळात भिंतीतनं पाच-सहा स्टड बाहेर काढलेला सज्जा उभा राहतो, खऱ्या विटेत तो खाली येईल, तिथं सळई लागते. माल, पाणी मारणं, भिंत उभी सरळ आहे का बघायचा ओळंबा, पाया यातलं काहीच सेटमध्ये नसतं. ही त्याची चूक नाही, पण पोरांना आणि आई-वडलांना सांगायला पाहिजे. पुस्तिकेत यावर दोन ओळी जरी असल्या तरी ती लिहिणाऱ्यानं साईट बघितलीय असं समजा.

पोराला देऊन गप्प बसा

हे सगळं झालं की तीन बसण्या करा. पहिल्यांदा पुस्तिकेप्रमाणे पूर्ण मॉडेल, तुम्ही हात लावायचा नाही, फक्त कुठल्या पानावर अडलं आणि कशामुळं ते वहीत लिहायचं. रंग सारखे दिसल्यामुळं अडलं की चित्र बारीक होतं म्हणून, हे वेगळं वेगळं लिहा. दुसऱ्यांदा सगळं पाडून पुस्तिका कपाटात, आणि सांगायचं की एक खोली बांध, एक दार, एक खिडकी, छप्पर. तिसऱ्यांदा तीच खोली, पण शेजारी अजून एक खोली जोडायची. ही तिसरी बसणी सगळ्यात महत्त्वाची, कारण दोन भिंती मिळतात तिथं थर एकमेकात घुसवायला लागतात आणि तंत्र कळलं असेल तरच ते जमतं. माझ्या पोरीनं पहिल्या वेळी नवी खोली नुसती चिकटवून ठेवली होती, आबांनी बोटानं ढकलल्यावर ती सरकली, मग तिनं जुन्या भिंतीतल्या एक सोडून एक विटा काढून नवीन भिंतीची टोकं आत घेतली. कुठल्याही पानावर हे नव्हतं.

तुकडे थोडे असले म्हणून सेट छोटा समजू नका. दोन बाय चारच्या एकाच रंगाच्या सहा विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. रिव्ह्यूत मी म्हणूनच पहिला आकडा तुकड्यांचा लिहित नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या बसणीत किती वेगळी बांधकामं निघाली तो लिहितो.

लिहिताना फोटो वरनं घेऊ नका, भिंतीच्या समोरनं घ्या म्हणजे सांधे दिसतात. जोडायला लागलेला वेळ, पोराचं वय, आधी असले सेट खेळलंय का, हे सांगा, नाहीतर 'सोपा' आणि 'अवघड' याला काही अर्थ राहत नाही. मग सेट परत पोरांच्या ताब्यात द्या आणि महिन्याभरानं तीन गोष्टी परत बघा, तुकड्यांची मोजणी, दहा विटांची चवड अजून ९६ भरते का, आणि उलटं धरल्यावर वीट पडते का. धुवायचं असेल तर कोमट पाणी, ४० अंशांच्या वर नको, आणि सावलीत वाळवा. आमचा सध्याचा सेट महिन्यानंतर पकडीत पास झाला, मोजणीत दोन आद्धे कमी भरले, ते भाच्याच्या दप्तरात सापडले.